मूकपटातील तारामती : अण्णा साळुंके

आमच्या पाली गावाच्या माथ्यावर राजगड उभा आहे. गडावर जाणारी जुनी राजवाट आमच्याच अंगाने चढते, आणि वरच्या दाराला गावाच्या नावावरून पाली दरवाजा म्हणतात. अशा या गावी सप्ताहातल्या एका रात्री कीर्तनकार महाराजांनी सत्यावर बोलताना हरिश्चंद्र-तारामतीचा दृष्टांत लावला. रोहिदासाचे प्रेत मांडीवर घेऊन तारामती स्मशानात बसते, तेथपर्यंत महाराज आले आणि मंडपातल्या आयाबायांनी पदर डोळ्यांस लावले. कीर्तन संपल्यावर एका शाळकरी पोराने एक जुना छापील फोटो सगळ्यांपुढे धरला. पहिल्या मराठी माणसाने काढलेल्या पहिल्या चित्रपटातली ही हरिश्चंद्राची राणी, असे त्याने सांगितले. एका म्हाताऱ्या आजींनी लगेच फोटोला हात जोडले. मग पोराने दुसरी गोष्ट सांगितली. ही राणी बाई नसून बाप्या आहे, आणि तोही हॉटेलातला आचारी. झाले! तरणी पोरे खो खो हसू लागली.

आम्हांस ते हसणे बरे वाटले नाही. आजींनी जोडलेले हात मात्र तसेच राहिले होते. कोण होता हा माणूस, त्याने लुगडे का नेसले, आणि लोकांनी त्याच्यापुढे हात का जोडले, हे वाचकांना नीट सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहो. आम्ही काही सिनेमाचे जाणकार नव्हे. पण माणसाची गोष्ट माणसाने सांगायला हरकत नसावी.

त्या माणसाचे नाव अण्णा हरी साळुंके. मुंबईत ग्रँट रोडवर एका उपाहारगृहात ते कामाला होते. पगार महिना दहा रुपये. चुलीचा धूर आणि गिऱ्हाइकांच्या हाका यांत ज्यांचे दिवस जातात, अशा हजारो पोरांपैकी ते एक. त्या हॉटेलात चहाला येणाऱ्या एका गृहस्थांची नजर एके दिवशी त्यांच्या हातांवर पडली, आणि तेथून सगळे आयुष्य फिरले.

ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांना आपण दादासाहेब म्हणतो. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला, म्हणजे आपल्या निवृत्तिनाथांच्या समाधीच्या गावी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा माणूस. फोटो काढावे, जादूचे खेळ करावे, छापखाना चालवावा, असे अनेक उद्योग त्यांनी केले. १९१० च्या सुमारास मुंबईत एका तंबूतल्या खेळात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा हलता चित्रपट पाहिला. ख्रिस्ताचे चरित्र पडद्यावर चालते-बोलते, तर आमचे राम-कृष्ण का चालू नयेत, या एका विचाराने त्यांना झपाटले. विम्याचे कागद गहाण टाकून १९१२ साली ते विलायतेस गेले, तेथे काम पाहिले आणि कॅमेरा व इतर यंत्रे विकत घेऊन परत आले. हलते चित्र खरेच निघते हे सावकाराला पटावे म्हणून त्यांनी कुंडीतल्या एका दाण्याला अंकुर फुटून वेल कसा वाढतो, त्याचे थोडे थोडे चित्र रोज घेऊन दाखविले. पैसे उभे राहिले. विषय ठरला राजा हरिश्चंद्राचा.

राजा मिळाला. दत्तात्रय दामोदर दाबके हे नाटकात काम केलेले गृहस्थ हरिश्चंद्र झाले. रोहिदास तर घरातच होता, दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र. अडले ते तारामतीपाशी.

आजच्या वाचकाला हे खरे वाटणार नाही, पण त्या काळी अभिनय करणारी बाई म्हणजे समाजातून उठलेली बाई. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावून परपुरुषांत उभे राहावयाचे ही कल्पनाच लोकांना सोसत नसे. दादासाहेबांनी वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. ज्या थोड्या आल्या त्या राणीच्या भूमिकेला शोभेनात. मग त्यांनी बदनाम वस्तीचेही उंबरे झिजवले. ज्यांना समाजाने आधीच टाकून दिले होते, त्यांनाही हे काम कमीपणाचे वाटले. एखादी तयार झाली तरी टिकली नाही. दादासाहेबांनी आपल्या पत्नी सरस्वतीबाई यांनाही विचारून पाहिले, असे सांगतात. पण त्या बाईंच्या अंगावर आधीच किती ओझे होते! सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, धुणी, आल्यागेल्याचे पाहणे, आणि रात्री काळोखात बसून फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे नाजूक कामही त्याच करीत. दिवसा चित्र घेताना ऊन चेहऱ्यांवर परतावे म्हणून पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत. तारामती होण्यास त्यांनी नकार दिला. आम्हांस विचाराल तर हरिश्चंद्राबरोबर हसत राज्य सोडून निघालेली राणी त्या घरात आधीच होती. ती पडद्यावर दिसली नाही, इतकेच.

अशा अडचणीत दादासाहेब चहा प्यायला बसले असताना त्यांना अण्णांची सडपातळ बोटे, नाजूक बांधा आणि रेखीव चेहरा दिसला. त्यांनी विचारले आणि महिना पंधरा रुपये देऊ केले. दहाचे पंधरा! आज पाच रुपयांत चहाचा पेला येत नाही, पण दहावर जगणाऱ्याला वरचे पाच म्हणजे निम्म्याने वाढ. अण्णा तयार झाले.

येथे कोणी म्हणेल की पाच रुपयांसाठी माणसाने लुगडे नेसले, त्यात कौतुक काय? आम्हांस तसे वाटत नाही. रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची रीत तेव्हा होतीच. बालगंधर्वांसारख्या नटाला लोक डोक्यावर घेत. पण त्या मानामागे गाणे होते, गादी-तक्के होते, नाटक मंडळीचे नाव होते. सिनेमा म्हणजे तेव्हा कोणालाही न कळणारा उद्योग. ते काम प्रतिष्ठेचे मुळीच नव्हते. दादासाहेबांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते, की कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगा. कारखान्यातला मजूर म्हणवून घेण्यात लाज कमी होती, नट म्हणवून घेण्यात जास्त! त्यात पुन्हा बाईचे सोंग. जे काम बाया नाकारतात, पुरुष चोरून करतात, ते या स्वयंपाकघरातल्या मुलाने पत्करले. गरज होती म्हणून पत्करले, हे खरेच. पण गरजेपोटी घेतलेले काम मन लावून करणे हा वेगळा गुण आहे, आणि तो अण्णांनी दाखविला.

दादरला मथुरा भुवन नावाच्या घरी या कारखान्याचा संसार थाटला होता. सगळी मंडळी एका पंक्तीला जेवत. स्त्रीभूमिका करणाऱ्यांनी घरात दिवसभर लुगडे नेसून वावरावे, तांदूळ निवडावे, दळावे, म्हणजे बाईची चाल आणि हाताची ढब अंगी मुरेल, असा दादासाहेबांचा नियम होता असे सांगतात. मिशांचीही एक गोष्ट सांगतात. बाप जिवंत असता मिशी उतरवणे अशुभ, असे आपल्याकडे मानीत. स्त्रीभूमिका घेतलेली मंडळी त्यावर अडून बसली. राणीला मिशा कशा चालतील, हे समजावताना दादासाहेबांच्या नाकी नऊ आले. शेवटी मिशा गेल्या. आज ऐकताना हसू येते. पण बापाच्या जिवाची भीती मनात धरून वस्तऱ्यापुढे बसणाऱ्या त्या पोरांना ते हसण्यासारखे नव्हते.

चित्रीकरण सगळे सूर्याच्या उजेडात. ढग आला की काम थांबले. वांगणीच्या बाजूला मंडळी गेली, तेव्हा ढाली-तलवारी घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याची शंका आली आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेले, अशी हकीकत आहे. त्याच मुक्कामात खेळता खेळता भालचंद्र दगडावर पडला, डोक्याला लागले, पोर बेशुद्ध झाले. मुंबईस परत जावे असे मंडळी म्हणू लागली. पण रोहिदास चितेवर ठेवल्याचा प्रसंग घ्यावयाचा होता. बाप म्हणून काळजाचे काय झाले असेल ते असो, दादासाहेबांनी तो प्रसंग तसाच घेतला, असे सांगतात. खोट्या स्मशानात त्या दिवशी निश्चेष्ट पडलेले लेकरू खरे होते. आम्ही हे वाचतो तेव्हा आमच्या पोटात कालवते. बरे की वाईट, याचा निवाडा आमच्याने होत नाही.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांनी चित्रपट पुरा झाला. लांबी तीन हजार सातशे फूट. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निवडक मंडळींना तो दाखविला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. ज्या ग्रँट रोडवर अण्णा गिऱ्हाइकांना चहा देत होते, त्याच ग्रँट रोडवर मुंबईच्या बड्या मंडळींनी त्यांना प्रथम राणी म्हणून पाहिले!

या मूकपटात शब्द नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. मधून मधून पडद्यावर अक्षरे येत, ती वाचता येणारे वाचीत. बाकी सगळे हातांनी आणि डोळ्यांनी सांगावयाचे. कीर्तनकाराजवळ वाणी असते, टाळ-मृदंगाची साथ असते. नाटकातल्या नटाजवळ सूर असतो. अण्णांजवळ यातले काहीही नव्हते. होते ते चहाचे पेले उचलून सवयीने हलके झालेले हात. चित्रपटाच्या आरंभी हरिश्चंद्र रोहिदासाला धनुर्विद्या शिकवीत आहे आणि तारामती ते कौतुकाने पाहत आहे, असा सुखाचा प्रसंग आहे. पुढे एके ठिकाणी राणी आणि तिच्या दासी पाण्यात खेळत आहेत. भिजल्या लुगड्यांतल्या त्या सगळ्याच दासी पुरुष! शेवटी काशीच्या राजपुत्राच्या खुनाचा आळ तारामतीवर येतो आणि तिचे मस्तक उडविण्याची पाळी हरिश्चंद्रावरच येते. तलवार उगारली जाते, तोच शंकर प्रकट होतात आणि विश्वामित्र सत्त्वपरीक्षा संपल्याचे सांगतात. ही कथा आपल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण ऐकलेली तारामती लोकांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली, आणि तिला रूप दिले ते अण्णांनी.

यानंतर दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकास नेला. ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढच्याच चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. पहिल्या दोन स्त्रियांनी धीर केला. त्यांचे मोल आम्ही कमी मानीत नाही. किंबहुना अण्णांनी जे सोसले त्याहून त्या मायलेकींनी अधिक सोसले असेल. पण दोघींनी पाऊल टाकले म्हणून वाट लगेच मोकळी झाली नाही. १९१७ साली दादासाहेबांनी ‘लंकादहन’ काढला, तेव्हा सीतेसाठी पुन्हा अण्णाच उभे राहिले.

आणि येथे एक नवल घडले. रामही अण्णाच झाले! एकच माणूस राम, तोच सीता. चित्रपट तुकड्या-तुकड्यांनी घेतात आणि मग जोडतात, म्हणून हे साधले. एकदा धनुष्य घेऊन उभे राहावयाचे, एकदा अशोकवनात वाट पाहत बसावयाचे. आपल्या देशातल्या चित्रपटात एका नटाने दोन भूमिका करण्याचा हा पहिलाच प्रसंग मानतात. गणपत शिंदे यांनी हनुमंताचे काम केले. राम बनलेल्या अण्णांचे दंड सीतेच्या लुगड्यातूनही दिसत, असे पुढच्या काळातले टीकाकार हसून लिहितात. तेव्हाच्या लोकांना ते दिसले नसतील असे नाही. त्यांनी तिकडे पाहिले नाही.

‘लंकादहन’ पाहायला मुंबईत लोटलेल्या गर्दीच्या कथा अजून सांगतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत खेळ लावावे लागले. खेड्यापाड्यांतून लोक बैलगाड्या जोडून आले. पुण्यास थिएटरचे दार मोडण्याची वेळ आली. जमलेली चिल्लर मोजत बसायला सवड नसल्याने ती पोत्यांत भरून गाडीने नेली. आणि पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच लोक पायातले जोडे काढून ठेवीत, हात जोडीत. ज्या समाजाने नटाला आपल्या पंक्तीला बसवायला कां-कूं केली असती, त्याच समाजाने त्याच नटापुढे जोडे काढले.

हा नमस्कार कोणाला? अण्णा साळुंके यांना नव्हे, हे उघड आहे. मग पांढऱ्या कापडाला? तेही नव्हे. गावोगावच्या मूर्ती घडविणाऱ्या पाथरवटाला तरी कोण नमस्कार करतो? लोकांनी रामाला नमस्कार केला. पण तो नमस्कार वाटेत ज्या देहावरून गेला, तो देह एका गरीब स्वयंपाक्याचा होता. त्याने तो स्वच्छ ठेवला, आपला मीपणा मधे येऊ दिला नाही, म्हणून नमस्कार जेथे जावयाचा तेथे पोहोचला. आम्हांस अण्णांचे मोठेपण येथे दिसते.

आपल्या संप्रदायातल्या वाचकाला यात हसण्यासारखे काही वाटू नये. आपण विठ्ठलाला माउली म्हणतो, विठाबाई म्हणतो. ज्ञानोबारायांनी विरहिणी लिहिल्या त्या स्त्रीच्या मुखाने. नाथांच्या गौळणींत पुरुष गवळण होतो, आणि भारूड करणारा बुवा डोक्यावरून पदर घेतो तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढतो. परमार्थात स्त्री-पुरुष हा वेषाचा भेद आहे, हे आपण रोज गातो. मग एखादा अण्णा तारामती झाला तर पोरांना हसू का यावे? गाताना एक आणि पाहताना दुसरे, असे होऊ नये. याच दादासाहेबांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला, तेव्हा त्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. पुरुष सीता झाला, मुलगी कृष्ण झाली. देवाला त्याचे काय?

तरी एक खंत नमूद करावयास हवी. अण्णांचे कौतुक करताना बायकांना दार का बंद होते, हे विसरून चालणार नाही. सीता आणि तारामती यांची पोथी घरोघर वाचावयाची, पण जिवंत बाईने ती होऊ म्हटले की तिला वाळीत टाकावयाचे, हा आपल्या समाजाचा दोष होता. अण्णांच्या लुगड्याने त्या दोषावर झाकण पडले, दोष गेला नाही. तो पुढे बायांनीच धीर धरून घालविला.

अण्णांनी पुढे एक वेगळीच वाट धरली. ज्या चेहऱ्यापुढे माणसे जोडे काढीत, तो चेहरा घेऊन ते कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले. ते छायाचित्रण शिकले आणि मूकपटांच्या काळात पुष्कळ चित्रपटांचे छायाचित्रण त्यांनी केले. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावयाचा, एका लयीत, ना जलद ना सावकाश. दुसऱ्याचा चेहरा उजळावा म्हणून आपण काळ्या फडक्याआड राहावयाचे. हे काम करणाऱ्याला प्रेक्षक कधीच पाहत नाहीत. ज्याला एकदा देवाचा मान मिळाला, त्याला असे आड राहणे सोपे नसते. कीर्तनात पुढे उभे राहिलेल्याला मागे टाळकऱ्यांत उभे राहा म्हटले तर किती जण राहतील, हे ज्याने त्याने आपल्याशी विचारावे.

१९३१ च्या मार्चात ‘आलम आरा’ आला आणि चित्रपट बोलू लागला. मूकपटांचा बाजार उठला. अण्णांचे चित्रपटांतले कामही त्याच वर्षापाशी थांबते. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, प्रभात कंपनीने मराठीतला पहिला बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’. विषय पुन्हा हरिश्चंद्राचाच! गोविंदराव टेंबे राजा झाले, आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे, एका घरंदाज कुटुंबातल्या सुशिक्षित बाई. जी जागा अण्णांनी एकोणीस वर्षांपूर्वी सांभाळून ठेवली होती, ती ज्यांची त्यांना मिळाली. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकास वारले. त्यांच्या नावाने सरकारने मोठा पुरस्कार ठेवला, आणि १९६९ सालचा पहिला मान देविका राणी यांना, म्हणजे एका अभिनेत्रीलाच मिळाला. ज्या दादासाहेबांना सबंध मुंबईत एक तारामती मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचे हे पहिले तबक स्त्रीच्या हाती गेले, याचे आम्हांस समाधान वाटते.

चार रिळांच्या त्या ‘राजा हरिश्चंद्रा’चे पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे उरले असून ते पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जपून ठेवले आहे. ते मूळ १९१३ चे की दादासाहेबांनी १९१७ साली पुन्हा घेतलेले, याविषयी जाणकारांत वाद आहे. तो वाद त्यांचा त्यांनी करावा.

आमच्यापुढे आहे तो फोटो. हरिश्चंद्र, तारामती आणि लहानगा रोहिदास. त्या राणीला उद्या तिसऱ्याचे घर झाडावयाचे आहे, पुत्र गमावावयाचा आहे, नवऱ्याच्या तलवारीखाली मान द्यावयाची आहे. आणि त्या राणीच्या आत एक पोऱ्या उभा आहे, महिना पंधरा रुपयांचा, मिशी उतरवलेला.

काल्याच्या दिवशी महाप्रसाद झाल्यावर तो फोटो आणणारा पोरगा आम्हांस पुन्हा भेटला. आम्ही त्याला एवढेच सांगितले, की आजींनी हात जोडले ते चुकून जोडले असे समजू नकोस. फोटो नीट चौकटीत बसव आणि खाली दोन्ही नावे लिही, तारामतीचे आणि अण्णांचे. तो हो म्हणाला. बघू या, पुढच्या सप्ताहास आणतो का.

असो. लेख आवरता घेतो. रामकृष्णहरी!